जेवतानाचा घाम

त्या गल्लीत पडदे शिवून हवे असले की लोक एकच पत्ता सांगत: "त्या दोघी जावांकडे जा." थोरली कापायची, धाकटी शिवायची. रस्त्याकडच्या खोलीत दोन मशीन, मधे कापायचं लांबलचक टेबल, भिंतीला टेकवून उभे केलेले कापडाचे तागे आणि खिडकीच्या दांडीला अडकवलेल्या पितळी रिंगांचे झुबके. गिऱ्हाइकानं घरून आणलेल्या मापावर थोरलीचा काडीचा विश्वास नव्हता. ती स्वतः टेप घेऊन जायची, स्टुलावर चढायची, खिडकी दोनदा मोजायची. धाकटी मशीनवरून ओरडायची, "ताई, मापात चार बोटं जास्तच धर. धुतल्यावर कापड आटतं आणि शिवल्यावर गिऱ्हाइकाचं मन!"

जावा-जावांचा उभा दावा असतो म्हणतात. या दोघींचं तसं नव्हतं. धाकटीचा नवरा, म्हणजे थोरलीचा दीर, लग्नानंतर थोड्याच वर्षांत छातीत कळ येऊन गेला. मूलबाळ नव्हतं. तेव्हा नातेवाइकांत कुजबूज सुरू झाली होती, की हिला आता माहेरी पाठवलेलं बरं. थोरलीनं सगळ्यांसमोर सांगितलं, "ती कुठं जाणार नाही. माझ्या घरातली बाई आहे." आणि दुसऱ्या मशीनला तेल घालून तिला तिथं बसवलं. आता घरात तिघं होती: थोरली, तिचा अबोल नवरा आणि धाकटी. थोरलीची मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. स्वयंपाकघर धाकटीचं होतं. थोरलीला स्वयंपाकाचा कंटाळा, धाकटीला हिशोब-मापांचा. दोघींचं चांगलं जमलं होतं.

थोरलीला साखरेचा आजार आहे हे एका कात्रीमुळे कळलं. अंगठ्याला लागलं आणि ती जखम काही केल्या भरेना. आधी गोळ्या, मग जास्त गोळ्या, मग पोटावर सुई. वर्षं सरत गेली. थोरली औषध वेळेवर घ्यायची, पण तोंडावर ताबा नव्हता. धाकटी तिच्या ताटावर पोलिसासारखा पहारा ठेवायची. भाताचा दुसरा डाव पडायला लागला की तिचा हात मधे आलाच. थोरली चिडायची, "मेले तर ताटावर तरी मरू दे!" धाकटी म्हणायची, "ताटावर मर, पण भात माझ्या हिशोबानं."

घामाची गोष्ट सुरू झाली ती एका साध्या दुपारी. तिघं जेवायला बसली होती. थोरलीनं पहिला घास घेतला, दुसरा घेतला आणि कपाळावर थेंब उभे राहिले. मग केसांतून धार लागली. कानशिलं, गाल, मान, गळा, सगळं भिजून निथळायला लागलं. हनुवटीवरून घाम ताटात टपकला. गंमत म्हणजे छातीच्या खाली अंग कोरडं ठणठणीत. नवऱ्यानं घाईघाईनं तिचं बोट टोचून छोट्या यंत्रावर साखर पाहिली. कमी नव्हती, जास्तही नव्हती. जेवण संपलं तसा घाम ओसरला, जणू काही झालंच नव्हतं.

"माझ्या भाजीला एवढा ठसका कधीपासून आला गं?" धाकटी म्हणाली. सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. मग कुणी हसेना. आंबट-तिखट असलं की जास्तच. थोरली मांडीवर टॉवेल घेऊन जेवायला बसू लागली. एकदा ओळखीच्या घरी जेवायला गेली असताना त्या घरातली बाई घाबरून पंखा लावते काय, गाडी बोलावते काय, सगळ्या पंगतीत गोंधळ झाला. त्या दिवसापासून थोरलीनं बाहेर जेवणं सोडलं. "उपवास आहे," "पोट ठीक नाही," काहीबाही सांगायची.

डॉक्टर झाले. एकानं वयावर ढकललं, "पाळी गेल्यावर असं होतं." दुसऱ्यानं छातीला वायर लावून पट्टी काढली. पट्टी चांगली आली. तिसऱ्यानं रक्ताच्या बाटल्या भरून घेतल्या आणि म्हणाला, "तुमचे सगळे रिपोर्ट छान आहेत. मनाला फार लावून घेता का हो?" त्यानं झोपेची गोळी दिली. रिपोर्ट छान आहेत हे ऐकून रडू येणारी आपण एकटीच असू, असं थोरलीला दवाखान्याचा जिना उतरताना वाटलं. वाईट आले असते तर निदान कुणाला दाखवता तरी आले असते.

त्यात दुष्काळात तेरावा महिना तसं पोटही बिघडलं. चार घासांत पोट तुडुंब भरायचं. सकाळचं खाल्लेलं संध्याकाळी जसंच्या तसं उलटून पडायचं. अंग उतरलं, गळ्याची हाडं वर आली. टेबलाशी उभी राहून अस्तर कापताना तिची कात्री मधेच थांबायची आणि ती नुसती कापडाकडे बघत राहायची. आपल्या शरीरात काहीतरी चाललंय आणि ते कुणालाच दिसत नाही, या विचारानं माणूस हळूहळू एकटं पडतं. तशी ती पडत गेली.

शेजारी एक बाई राहायची. गल्लीत तिला सगळे 'आकाशवाणी' म्हणत, कारण सांगायचं आणि न सांगायचं असा फरक तिला कधी कळलाच नाही. उशीची कव्हरं न्यायला आली तेव्हा थोरली एकटी होती. बोलता बोलता घामाचा विषय निघाला.

"फक्त जेवतानाच?" आकाशवाणीनं विचारलं.

"जेवतानाच."

"आणि चहा पिताना?"

"चहाला नाही येत. चहा मी माझा करून घेते."

"अस्सं," आकाशवाणी म्हणाली. कव्हरं मोजली, पिशवीत भरली आणि गेली. एवढंच.

पण ते 'अस्सं' थोरलीच्या मनात राहून गेलं. हुसकावलं तरी जाईना. तिनं स्वतःला रागावून पाहिलं, की जिला आपण पंखाखाली घेतलं तिच्याबद्दल असं मनात तरी कसं येतं? आणि तरी मन सुतावरून स्वर्ग गाठत होतं. दवाखान्यात कोरडा पाव खाल्ला तेव्हा कुठं घाम आला होता? बिस्किटाला येतो का? मग यायचा तो घरच्या जेवणालाच का?

संशय आला की डोळ्यांना कामच लागतं. थोरली स्वयंपाकघरात उगीच डोकावायला लागली. आणि एके दिवशी तिनं पाहिलं. धाकटीनं तीन वाट्या वाढल्या, मग मागच्या फळीवरून एक छोटी डबी काढली, चिमूटभर काहीतरी तिसऱ्या वाटीत टाकलं, चमच्यानं ढवळलं आणि डबी परत मागे सरकवली. ती तिसरी वाटी थोरलीच्या ताटापाशी आली.

 थोरलीनं त्या दिवशी वाटी बाजूला ठेवली. दुपारी डबी उघडून वास घेतला. तपकिरी पूड, कडू वास. तेव्हाच हाक मारून विचारलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण ती गप्प राहिली, आणि गप्प राहून राहून आतल्या आत नासत गेली.

फुटायचं ते अखेर ताटावरच फुटलं. नवरा शेजारी होता. थोरलीनं डबी आणून धाकटीच्या समोर आपटली. "हे काय घालतेस माझ्या जेवणात?"

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. "मेथी आणि कारल्याची पूड आहे, ताई. कापडवाल्याच्या आईची साखर या पुडीनं उतरली म्हणून..."

"मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर खाल्लं असतंस का तू? आजवर कधी ऐकलंस माझं?"

खरं होतं ते. आणि खरं होतं म्हणूनच थोरलीला जास्त झोंबलं. "म्हणजे मी अशी झाले ती तुझ्यामुळे. एवढे डॉक्टर केले, एवढ्या सुया टोचून घेतल्या, आणि घरात तू मला... आजपासून तुझ्या हातचं मला नको. तुझ्या हातचं खाऊन भाऊजीसुद्धा..."

वाक्य तिथंच तुटलं. पण तेवढंही पुरेसं होतं.  घास हातात होता तो धाकटीनं ताटात ठेवला, हात धुतला आणि मशीनवर जाऊन बसली. त्या संध्याकाळी मशीन एकदाही थांबलं नाही. थोरलीचा नवरा मूग गिळून बसला. तसा तो चाळीस वर्षं मूग गिळूनच बसला होता, पण या वेळी त्याला स्वतःलाच त्याची लाज वाटली असावी, कारण तो उठून गच्चीवर गेला आणि अंधार पडेपर्यंत खाली आला नाही.

हातातली ऑर्डर धाकटीनं पुरी केली. कुणा वकिलाच्या घरचे जाड पडदे होते, वरची पट्टी ताठ राहावी म्हणून बकरम घातलेले. शेवटचा पडदा इस्त्री करून घडी घातली, मशीनवर कापड झाकलं आणि ती भावाच्या गावी निघून गेली. अर्ध्या दिवसाचा बसचा प्रवास. जाताना पाया पडली. थोरलीनं 'राहा' म्हटलं नाही, ती 'येते' म्हणाली नाही.

पूड गटारात गेली. घाम गेला नाही.

थोरली म्हणाली, अंगात मुरलंय, उतरायला वेळ लागेल. थंडी गेली, उन्हाळा गेला. आता ती स्वतःच रांधत होती, स्वतःच्या हातानं, स्वतः आणलेल्या जिनसांतून. एका दुपारी नवरा बाहेर होता. तिनं नुसत्या उकडलेल्या भाजीवर लिंबू पिळलं आणि एकटीच जेवायला बसली. पहिल्याच घासाला घाम सुटला. कपाळावरून, नाकाच्या शेंड्यावरून ताटात पडू लागला. ती जेवायची थांबली. समोर तिच्याच हातची भाजी होती. दोष द्यायला आता दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

तिला त्या दुपारी सगळं कळलं, असं म्हणायला हरकत नाही. पण कळणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. नवऱ्याला तिनं सांगितलं नाही. फोन उचलला, ठेवला. काय सांगणार? 'अजून घाम येतो, म्हणजे तू नव्हतीस'? असली वाक्यं तोंडातून निघत नाहीत. दिवसावर दिवस, मग वर्षावर वर्षं पडत गेली. शिवणकामाला तिनं एक बाई ठेवली, ती टिकली नाही. दुसरी ठेवली, तिच्या चुण्या एकसारख्या येईनात. मोठी कामं परत जाऊ लागली. धाकटीच्या मशीनवरचं कापड मात्र तिनं कुणाला काढू दिलं नाही.

मग चक्कर सुरू झाली. खुर्चीतून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. एका गिऱ्हाइकाच्या घरी माप घेताना ती स्टुलावरून पडली, मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरनं साखरेच्या डॉक्टरणीकडे पाठवलं. नवीन होती, वयानं थोरलीच्या मुलीएवढी, आणि बोलायला जरा तुटक. तिनं थोरलीला आडवं करून रक्तदाब पाहिला, मग उभं करून पाहिला. तळपायाला बारीक तार टोचून "लागतं का?" विचारलं. थोरलीला तार टोचलेली कळलीच नाही. मोठे श्वास घ्यायला लावले. लिहिता लिहिता मान वर न करता तिनं विचारलं,

"जेवताना तोंडाला घाम येतो का हो?"

थोरली बघतच राहिली. एवढ्या वर्षांत तिनं स्वतः सांगितल्याशिवाय कुणी हे विचारलं नव्हतं. "येतो," ती म्हणाली. "पण तुम्हाला कसं..."

"येतो काही जणांना. जुनी साखर असली की शिरा, म्हणजे मज्जातंतू, खराब होतात. पायाच्या होतात तशा आतल्याही होतात. पोट चालवणाऱ्या, रक्तदाब सांभाळणाऱ्या, घामाच्या. पोट लवकर भरतं ना? जुनं अन्न उलटतं? चक्कर आणि घाम, सगळं त्यातलंच. तोंडात घास गेला की लाळ सुटायची, तिथं तुमच्या शिरा घामाला सांगतात."

"एखाद्या पुडीनं होतं का असं?"

"कसली पूड?"

"मेथीची. कारल्याची."

डॉक्टरीण पहिल्यांदाच हसली. "नाही हो. मेथीनं काय होतंय? फार तर थोडी साखर उतरते. शिरा बिघडायला कितीतरी वर्षं लागतात. हे तुमच्या अंगात आधीपासूनच चाललं होतं."

थोरली रडायला लागली. डॉक्टरणीला वाटलं, आजाराला घाबरल्या. ती जरा मऊ आवाजात सांगू लागली, की चेहऱ्याला लावायचं मलम मिळतं, आंबट कमी करा, थोडं थोडं खा, उठताना सावकाश उठा. पूर्ण बरं होईल असं मात्र ती म्हणाली नाही.

घरी येऊन तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "मी तेव्हा बोलायला हवं होतं." एवढंच म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी बसचं तिकीट काढून आणलं. एकच. "तू एकटी जा."

भावाचं घर एका लांब बोळाच्या टोकाला होतं. दार भावजयीनं उघडलं. धाकटी मागच्या खोलीत बटणं लावत बसली होती. खोली म्हणजे अर्धं कोठार: एका बाजूला पोती, दुसऱ्या बाजूला तिची खाट. केस बरेच पांढरे झाले होते. थोरलीला पाहून ती उठली, पाया पडली आणि म्हणाली, "तब्येत कशी आहे, ताई? घाम गेला का?"

पहिलाच प्रश्न तो. थोरली खाटेच्या कडेला टेकली.

पाणी देता देता भावजय सांगत होती, "कामाला वाघ आहेत हो, पण चुलीपाशी येत नाहीत. आल्यापासून एकदा पातेलं चढवलं नाही. म्हणतात, माझ्या हाताला गुण नाही, कुणाला काही झालं तर?"

भावजय गेल्यावर थोरलीनं सांगितलं. अडखळत, मागचं पुढे, पुढचं मागे करत सांगितलं. शिरांचं, तारेचं, डॉक्टरीण हसली त्याचं. धाकटी सुई हातात तशीच धरून ऐकत होती.

"म्हणजे पुडीनं नाही?"

"नाही गं."

"पुन्हा सांग."

"पुडीनं नाही झालं. तू काही केलं नाहीस. माझंच दुखणं होतं, आधीपासूनचं."

धाकटीनं डोळे मिटले. तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं दिसलं, आणि थोरलीला वाटलं, झालं, आता ही रडेल, आपण रडू, आणि संध्याकाळच्या बसनं दोघी घरी जाऊ. मनातल्या मनात तिनं मशीनवरचं कापड काढूनसुद्धा ठेवलं.

पण धाकटीनं डोळे उघडले तेव्हा ते कोरडे होते.

"मला वाटत होतं माझ्यामुळेच झालं," ती हळू म्हणाली. "बोलून चालून न सांगता घातली होती मी पूड. तुझं बोलणं लागलं, पण म्हटलं, ताईचं चुकलं नाही. आपल्याच हातून झालं, तर ऐकून घ्यायला हवं. यांच्याबद्दल तू जे म्हणालीस ना, तेसुद्धा रोज मनात घोळवलं. खरंच मीच का, म्हणून. रोज." ती थांबली. "आणि आता तुम्ही म्हणता, तसं काही नव्हतंच."

'तू'चं 'तुम्ही' कधी झालं ते थोरलीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती पुढे सरकली.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "घरी चल. मशीन तसंच आहे."

"चूक माझी होती तोवर माफ करणं सोपं होतं," धाकटी म्हणाली. "आता मला राग येतोय. एवढा राग कधी आला नव्हता. तुम्हाला कधी कळलं हे?"

थोरली खोटं बोलू शकली असती. "डॉक्टरणीनं आत्ता सांगितलं. पण... आतून कळलं होतं. तू गेल्यावर वर्षभरातच."

धाकटीनं मान हलवली, जणू तिला एवढंच ऐकायचं होतं. मग ती पुन्हा बटणं लावायला लागली.

भावजयीनं पान वाढलं. नाही म्हणता येईना. थोरलीनं टॉवेल घेतला आणि घास घेतला. चेहरा भिजत गेला, केसांतून पाणी ठिबकायला लागलं. भावजय घाबरून ओरडली, "अहो, यांना काय होतंय! कुणीतरी या!"

धाकटी दारात येऊन उभी राहिली. घामानं निथळणाऱ्या थोरलीकडे तिनं नीट पाहिलं, आणि भावजयीला म्हणाली, "काही होत नाही त्यांना. शिरांचं दुखणं आहे. जेवू दे." आणि आत निघून गेली.

थोरली एकटीच परतली.

मलमानं थोडा फरक पडला. कपाळ आता कमी भिजतं, मान भिजतेच. पोटाचं तसंच आहे. कधी सुई घेतल्यावर अन्न पुढे सरकतच नाही, साखर एकदम उतरते आणि नवरा तोंडात साखरपाणी घालतो. मोठे पडदे तिनं बंद केले. मनगट नीट जुळलं नाही, त्यामुळे जड कापड आवरत नाही. छोट्या खिडक्यांचे, स्वयंपाकघराचे पडदे ती स्वतःच कापते आणि स्वतःच शिवते, सावकाश. एकदा आकाशवाणी आली आणि म्हणाली, "बिचारी माहेरीच राहिली शेवटी ती! आम्ही काय, कधी वाईट बोललो नाही तिच्याबद्दल." थोरलीनं तिचं कापड न मोजताच परत दिलं. बोलली काही नाही. बोलायचा हक्क आपला आहे का, याचीच तिला खात्री नव्हती.

दर आठवड्याला ती भावाच्या घरी फोन करते. कधी धाकटी येते, "बरी आहे, तुम्ही?" म्हणते आणि ठेवते. कधी येत नाही. परवा संध्याकाळी भावजयीनं उचलला. "झोपल्यात हो त्या," ती म्हणाली. तेवढ्यात मागून भांड्याचा आवाज आला, कुणीतरी काहीतरी बोललं, आणि धाकटी हसली. मोकळं, मोठ्यानं. थोरलीनं ते हसणं नीट ऐकलं. कितीतरी दिवसांनी ऐकलं. "असू दे, झोपू दे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

"काय म्हणते?" नवऱ्यानं विचारलं.

"झोपली होती."

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं.  उठला, आणि दोघांची ताटं घ्यायला आत गेला.